आखाजीला येता येणार नाही म्हणून

तीर्थरूप आप्पा आणि आईस साष्टांग नमस्कार.

आखाजीला मी रावेरला येणार नाही, हे फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. गच्चीवरच्या खोलीत मी हॉप्सचे १२ वेल मातीविना, पाण्यावर लावले आहेत. तुम्हाला न विचारता लावले याची टोचणी आहे. परंतु मुळे धरली आहेत, आता ते काढणार नाही.

आप्पा, तुमच्या गळ्यात माळ आहे, म्हणून आधी एवढे सांगतो की हॉप्स म्हणजे दारू नव्हे. बिअरला कडवटपणा आणि वास देणारे, तिला टिकवणारे ते फूल आहे. काही देशांत घरी बिअर करण्याची मुभा असते, तिथले हौशी लोक हा वेल परसात लावतात. त्यांच्याकडूनच मी शिकलो. आपल्याकडे परवान्याशिवाय ती करणे गुन्हा आहे आणि या घरात ते कधीही होणार नाही. वाळवलेली फुले मी पुण्यातल्या परवानाधारकांनाच देणार आहे.

करटोल्यांसारखे याचेही नर-मादी वेल वेगळे असतात. मागच्या वर्षी मादी वेलाला जेमतेम सात फुले आली. पाकळी उलगडली तर बुडाशी हळदीसारखी पिवळी पूड होती आणि बोटांना दिवसभर वास राहिला.

या वेलाला १५-१६ तासांचा दिवस लागतो, आपला सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांचाही नसतो, म्हणून संध्याकाळी दिवे लावतो. खरी काळजी पाण्याची. बाहेर ४५ अंश असताना टाकीतले पाणी २० च्या आसपास ठेवावे लागते, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. गेल्या वैशाखात रात्रभर वीज गेली आणि सकाळी मुळे तपकिरी, बुळबुळीत झालेली दिसली. दोन वेल गेले. म्हणून या दिवसांत खोली सोडवत नाही.

आप्पा, तुम्ही टिश्यू कल्चरची केळी लावलीत तेव्हा गाव हसले होते. ठिबकच्या नळीला कान लावून मी बसायचो आणि तुम्ही मला कधी उठवले नाहीत. आज पंप थांबला की मला झोपेतही कळते.

आई, गुडघे दुखत असताना खापरापुढे बसू नकोस, मांडे काकूंना करू दे. माझ्या वाटचे ताईच्या मुलांना दे. कूलर दुरुस्त करणारा रविवारी येईल. आप्पांनी रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्यावी आणि ११ नंतर बागेत जाऊ नये.

पाऊस पडून पाणी निवले की दोन दिवस येतो. तेव्हा जपून ठेवलेले एक फूल आणीन. आप्पा, तुम्ही ते हुंगून पाहा.

तुमचा,
लहाना