सेंदागाया स्टेशनवर भेटलेल्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. राहायला टोकियोतल्या निशी-कासाईला आणि माहेर नाशिकचं, एवढंच हाती आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. कुणी ओळखत असेल तर त्यांच्यापर्यंत पोचवा.

टोकियोच्या सेंदागाया स्टेशनवरून आम्ही नॅशनल स्टेडियमपाशी आलो आणि अण्णा म्हणाले, "मिल्खासिंग पळाला ते ग्राउंड हे नव्हं गं." मागून तुमचा आवाज आला, "काका, ग्राउंड ते नाही, पण जागा तीच आहे." परक्या शहरात अशी मराठी कानावर पडली आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

अण्णांनी कराडजवळच्या शाळेत बत्तीस वर्षं पीटी शिकवली. 1958 च्या टोकियो आशियाई स्पर्धेत मिल्खासिंगांनी 200 आणि 400 मीटरला सोनं घेतलं, त्यातल्या 200 मध्ये पाकिस्तानच्या अब्दुल खालिकना अगदी थोडक्यात मागं टाकलं, ही गोष्ट ते दर जूनमध्ये नव्या वर्गाला सांगत. तेवढं मैदान बघायला म्हणून ते पहिल्यांदा विमानात बसले. जुनं स्टेडियम मे 2014 ला बंद झालं आणि पुढच्या वर्षी पाडलं, हे मला ठाऊक होतं. त्यांना सांगायचा धीर झाला नव्हता.

तुम्ही तुमचं काम टाकून अख्खी दुपार आमच्यासोबत फिरलात. 1924 साली इथं आधी मेइजी देवस्थानाच्या नावाचं मैदान होतं, आणि 21 ऑक्टोबर 1943 ला भर पावसात, खांद्यावर बंदुका घेतलेल्या हजारो विद्यार्थ्यांना तिथूनच युद्धावर धाडलं, हे सांगताना तुम्ही मध्येच थांबलात. मग म्हणालात, "आणि 21 वर्षांनी इथंच ऑलिंपिकची ज्योत पेटवणारा साकाई. हिरोशिमावर बाँब पडला त्याच दिवशी, त्याच जिल्ह्यात जन्मलेला."

जुन्या ज्योतपात्रापाशी मात्र अण्णा खिळून राहिले. आमच्या आजोळी ओतारी होते, त्यामुळे भट्टी, साचा, ओतकाम हे शब्द त्यांच्या ओळखीचे. कावागुचीच्या सुझुकी मान्नोसुके यांनी 1958 साठी हे पात्र ओतायला घेतलं. वितळलेलं लोखंड ओतताना साचा फुटला, आणि आठव्या दिवशी ते गेले. मुलगा बुन्गो यांनी बापाचं काम पुन्हा पहिल्यापासून करून वेळेत पुरं केलं. पुढं दर वर्षी ऑक्टोबरात ते येऊन पात्र तिळाच्या तेलानं पुसत. नंतर हातोडाफेकपटू मुरोफुशी कोजीही सोबत येऊ लागले. स्टेडियम पाडल्यावर पात्र काही वर्षं त्सुनामीनं उद्ध्वस्त झालेल्या इशिनोमाकीत होतं, म्हणालात. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. देवळात काढतात तशी.

एक गोष्ट मात्र अण्णांनी तुम्हाला सांगितली. 1964 च्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये जपानचे त्सुबुराया दुसऱ्या क्रमांकावर स्टेडियममध्ये शिरले आणि आपल्याच माणसांच्या डोळ्यांदेखत इंग्लंडच्या हीटलीनं त्यांना गाठलं. ब्राँझ मिळालं. 1968 मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. मुलांना ते एवढंच सांगत, की ब्राँझ मिळालं. शेवट तुम्हालाच सांगितला.

निघताना तुम्ही म्हणालात, "काका, नीरजचा भालाही इथंच पडला की." 7 ऑगस्ट 2021, 87.58 मीटर. टीव्हीवर अण्णांनी तो भाला शंभर वेळा पाहिला असेल, पण नवं स्टेडियम जुन्याच्याच जागी उभं आहे हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. मिल्खासिंग त्याच जूनमध्ये गेले होते आणि नीरजनं पदक त्यांनाच वाहिलं होतं. अण्णा कुंपणाला धरून किती तरी वेळ उभे राहिले. तुम्हीही शेजारी गप्प उभ्या राहिलात. त्या गप्प राहण्याचेही आभार मानायचे आहेत.

शाळेच्या क्रीडामहोत्सवाची पितळी मशाल अण्णांनी मागच्या आठवड्यात माळ्यावरून काढली. तिळाचं तेल आणायला मलाच दुकानात पिटाळलं. डिसेंबरात महोत्सव आहे. तेव्हा नाशिकला आलात तर कराडपर्यंत या. अण्णांनी तुमच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवायला सांगितलीय.

तुमची,
कराडची एक मुलगी