‘वेलनेस’ची उभी रेषा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘वेलनेस’ हा शब्द आला की सोबत तेलमालिश, ‘डिटॉक्स’ पेये नाहीतर रिसॉर्टमधला दोन रात्रींचा मुक्काम ठरलेला असतो, म्हणून या शब्दाच्या मुळाविषयी लिहीत आहे. आजच्या अर्थाने तो रुजवला हॅल्बर्ट डन या अमेरिकी डॉक्टरांनी, आणि ते देशाच्या जन्ममृत्यूंची आकडेवारी ठेवणाऱ्या कार्यालयाचे प्रमुख होते, हे मला महत्त्वाचे वाटते. आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेने सांगितलेच होते. डन यांनी १९५९ मध्ये त्यापुढे जाऊन दोन रेषा आखल्या: आडव्या रेषेच्या एका टोकाला मृत्यू व दुसऱ्या टोकाला उत्तम प्रकृती, तर उभी रेषा माणसाच्या भोवतालच्या परिस्थितीची. प्रकृती कितीही ठणठणीत असली, तरी परिस्थिती प्रतिकूल असेल तर त्यांच्या आकृतीत त्या माणसाची जागा वेगळी पडत असे. बाजाराने नेमकी ही उभी रेषा पुसून टाकली आहे.

सुश्रुतसंहितेतही स्वस्थ कोणाला म्हणावे हे सांगताना दोष, अग्नी आणि धातू यांच्या समतोलाबरोबर आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नता मागितली आहे. बोलीत ‘स्वस्थ’ म्हणजे नुसते गप्प बसणे एवढेच उरले. ‘अस्वस्थ’ने मात्र मनाची बाजू अजून धरून ठेवली आहे.

केंद्राच्या २०१८ च्या योजनेतील ‘हेल्थ अँड वेलनेस सेंटर’ला महाराष्ट्रात ‘आरोग्यवर्धिनी केंद्र’ हे सुरेख नाव मिळाले. आमच्या गावच्या केंद्रात गेल्या पावसाळ्यात पाहिलेली गोष्ट सांगतो. सिस्टरांनी एका आजींच्या दंडाला बीपीची पट्टी बांधली, भाकरीबरोबर लोणचे किती खाता हे विचारले, आणि आकडा वहीत लिहिता लिहिताच आशाताईंना हाक मारून वरच्या आळीतल्या विहिरीत टीसीएल (पाणी निर्जंतुक करणारी पावडर) टाकली का, याची चौकशी केली. आजींचा रक्तदाब आणि आळीची विहीर एकाच दमात विचारात घेणे, हाच डन यांना अभिप्रेत असलेला वेलनेस आहे. आपल्या पुरवणीत मालिशच्या छायाचित्रांशेजारी अशा एखाद्या केंद्राच्या कामाला दर आठवड्याला अर्धे पान द्यावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. सातारा