बोटं ओढू नका म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

डिस्चार्जच्या कागदावर शस्त्रक्रिया असते, औषधं असतात, पुढच्या तपासणीची तारीख असते. तुमच्या ऑक्युपेशनल थेरपीला, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या उपचाराला, फार तर एक ओळ मिळते. मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झालेल्यांची रोजची शुश्रूषा करणारे आम्ही, वॉर्डातले आणि घरचेही, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत. शिकवलंत त्याचे आभार आहेतच. त्याहून जास्त आभार तुम्ही जे करू दिलं नाहीत त्याचे.

सगळ्यात आधी बोटं. मज्जारज्जूला मानेत सी-६ (मानेतली सहावी) पातळीवर इजा झाली की बहुधा मनगट वर उचलता येतं, पण बोटं स्वतःहून मिटत नाहीत. ती आखडायला लागलेली दिसली की जवळच्या माणसाला राहवत नाही. मनगट मागे वाकवून तो बोटं सरळ ताणायला बसतो. तिथे तुम्ही हात धरलात. मनगट उचललं की बोटांच्या स्नायुबंधांवर ताण येतो, बोटं आपोआप आत वळतात आणि अंगठा तर्जनीच्या कडेला टेकतो. मनगट सोडलं की पकड सुटते. या टेनोडेसिस पकडीवर कागद उचलता येतो, हलका चमचा धरता येतो. ते बंध ताणून सैल केले की मनगट कितीही उचला, बोटं लोंबकळतच राहतात. तुमचा नियम आता सगळ्यांना पाठ आहे: मनगट वर तर बोटं मिटलेली, बोटं सरळ करायची तर मनगट खाली. खुर्चीतून पलंगावर सरकताना तळवा सपाट पसरून त्यावर भार द्यायचा नाही, तेही याचसाठी.

अर्धांग लुळं पडलेल्यांच्या बाबतीत तुमची नजर खांद्यावर असायची. स्नायूंचा आधार गेलेला खांदा सांध्यातून खाली सरकतो, आणि काखेत हात घालून उठवलं की दुखणं कायमचं मागे लागू शकतं. आधार कमरेला आणि खांद्याच्या फऱ्याला द्यायचा, बसल्यावर हात उशीवर ठेवायचा, सदऱ्याची बाही लुळ्या हातात आधी घालायची आणि काढताना शेवटी. एवढंच, पण रोज.

‘आठव बघू’ हे दोन शब्द मात्र तुम्ही बंद केलेत, आणि ते पाळणं सगळ्यात अवघड गेलं. चुकू दे, चुकून शिकेल, असं कुणालाही वाटतं. पण मेंदूच्या इजेनंतर स्मरणशक्ती खूपच क्षीण असेल तर केलेली चूक सवय म्हणून रुजते आणि तिची दुरुस्ती मात्र लक्षात राहत नाही. म्हणून अंदाज करायला लावायचंच नाही. व्हीलचेअरवरून उठताना डावा ब्रेक, उजवा ब्रेक, पाय खाली, पायठेवी बाजूला, पुढे झुकायचं, उठायचं: रोज हाच क्रम, हेच शब्द, आणि हात चुकीच्या जागी जाण्याआधीच पुढची पायरी सांगायची. जमायला लागलं की मदत शेवटच्या पायरीपासून काढत मागे यायचं. मधेच एखाद्याने उत्साहाने क्रम बदलला की सगळी मेहनत पाण्यात. (हा उत्साह बहुतेक वेळा भेटायला आलेल्या पाहुण्यांचा असतो.)

मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्यांनी ताटाचा डावा अर्धा भाग तसाच सोडला, तर तो हट्ट नसतो. डोळे शाबूत असले तरी मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. पुस्तकाच्या पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवून ‘पट्टी दिसेपर्यंत मान वळवा, मग वाचा’ हा तुमचा उपाय साधा आहे आणि पुष्कळांना उपयोगी पडतो.

बेडसोरबद्दलही तुम्ही ठाम होतात. हातांवर जोर देऊन काही सेकंद उचललेल्या बुडाखाली रक्तपुरवठा पुरेसा परतत नाही, वर खांदे झिजतात ते वेगळेच. त्यापेक्षा दर 15 ते 30 मिनिटांनी छाती मांड्यांकडे नेऊन सुमारे 2 मिनिटं पुढे झुकणं बरं. तोल जात असेल तर समोर कुणीतरी उभं हवं. आणि खुर्चीवरची हवेची गादी टम्म फुगवायची नाही. माणूस बसलेला असताना बैठकीच्या सर्वांत खालच्या हाडाखाली हात सरकवून पाहायचा: गादीच्या तळापासून साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर अंतर हवं. त्याहून जास्त असलं तर शरीर गादीत रुतत नाही आणि सगळा भार हाडांच्या टोकांवर येतो.

आता एक मागणं. टी-६ (छातीच्या भागातली सहावी पातळी) किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांच्या व्हीलचेअरमागे तुम्ही लावलेलं कार्ड रात्रपाळीत फार कामाला येतं: अचानक ठणकणारं डोकं, चेहऱ्यावर लाली, घाम दिसला तर रक्तदाब एकदम धोकादायक चढलेला असू शकतो, आडवं करू नका, ताठ बसवा, पट्टे, बूट, स्प्लिंट सैल करा, लघवीची नळी मुडपली आहे का पाहा, रक्तदाब मोजा, डॉक्टरांना लगेच बोलवा. अक्षरं थोडी मोठी करून तेच कार्ड पलंगाच्या डोक्याशीही लावून द्याल का? रात्री खुर्ची कोपऱ्यात असते.

आपले,
वॉर्डातले आणि घरचे सगळे