झाड हवेने नव्हे, मातीने मरते

महोदय,

पावसाळ्यात दिवाणखान्यातला मॉन्स्टेरा किंवा मनीप्लांट पिवळा पडला की ‘हवा मानवली नाही’ म्हणून सोडून दिले जाते. पण मॉन्स्टेरा मूळचा मेक्सिको-पनामाकडच्या दमट जंगलातला. दमट हवा त्याला हवीच असते. घात करते ती कुंडीत ठासून भरलेली चिकट लाल माती.

ही झाडे रानात मोठ्या झाडांच्या खोडावर चढतात, मुळांना मोकळी हवा मिळते. पावसाळ्यात घरात उजेड कमी, हवेत बाष्प जास्त, त्यामुळे पाने फारसे पाणी ओढत नाहीत. माती दिवसेंदिवस ओली राहते, मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळे पाणी शोषत नाहीत, म्हणून पाने माना टाकतात. झाड तहानले असे वाटून वर आणखी पाणी ओतले जाते आणि उरलीसुरली मुळेही जातात.

अशा वेळी झाड कुंडीतून काढून मुळे धुऊन पाहावीत. निरोगी मूळ पांढरट, टणक असते. कुजलेले तपकिरी असते. चिमटीत धरून ओढले की साल निसटते आणि आत दोऱ्यासारखा धागा उरतो. तेवढी मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत. नव्या मिश्रणात दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) किंवा विटांचा बारीक चुरा आणि मूठभर लोणारी कोळशाचे तुकडे घ्यावेत. कोकोपीटमध्ये क्षार असतात, ते आधी दोन-तीनदा धुवावे. कुंडी मुळांच्या गड्ड्यापेक्षा फार तर दोन इंच रुंद असावी. तळाशी खडी घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने निचरा सुधारत नाही. पाणी खडीच्या वर, मातीतच अडकून राहते. भोके मोकळी हवीत. महिनाभर वेगळे खत नको.

पुढे पाणी वारावर नव्हे, बोटावर: दोन पेरे खोल माती कोरडी लागली तरच द्यावे आणि ताटलीत साचलेले पाणी लगेच ओतून टाकावे. पानांवर फवारा मारण्याची तर या दिवसांत मुळीच गरज नाही.

रोपवाटिकांना विनंती, की घरात ठेवायची रोपे भुसभुशीत मिश्रणातच विकावीत. ते जमत नसेल, तर निदान माती बदलायला हवी एवढे गिऱ्हाइकाला सांगावे. पाचशे-हजार रुपये मोजणाऱ्याला तेवढे कळायलाच हवे.

– एक वाचक, ठाणे