ताई, हे आभार चारचौघांत मानायचे होते

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं आणि तुमच्या संस्थेचं नाव कुठे यायला नको, असं तुम्ही बजावलंत, म्हणून आमच्या घरकर्जाच्या अडचणीत वाट दाखवणाऱ्या समुपदेशक, नुसतंच ताई. पण आभार मात्र उघडपणे मानणार आहे. घराचा हप्ता थकला ही गोष्ट इथे अमेरिकेत आपल्या मंडळींत कोणी कोणाला सांगत नाही. व्हिसा अडकला तर सगळ्या ग्रुपवर चर्चा होते, गुडघा दुखला तर दहा जणी तेल सुचवतात, पण बँकेचं पत्र आलं की ते ड्रॉवरमध्ये जातं. आमचंही गेलं असतं.

आमची परिस्थिती तुम्हाला पाठ आहे, तरी वाचणाऱ्यांसाठी सांगते. २०२१च्या सुरुवातीला व्याजदर तळाला होते, तेव्हा आम्ही घराचं मूळ कर्ज रीफायनान्स करून, म्हणजे नव्या दराने पुन्हा घेऊन, २.८७५ टक्क्यांवर बांधून घेतलं. त्याच वर्षी घरावर दुसरं कर्ज काढलं, ८०,००० डॉलरचं हीलॉक, म्हणजे घर तारण ठेवून मिळणारी क्रेडिट लाइन. सासूबाई इकडे राहायला येणार होत्या, त्यांना जिने चढवत नाहीत, म्हणून खाली एक खोली आणि न्हाणीघर काढायचं होतं. व्याज प्राइम रेट (बँकांचा आधारभूत दर, तो बदलत राहतो) अधिक एक टक्का. तेव्हा प्राइम ३.२५ होता, म्हणजे आम्हाला सव्वाचार टक्के पडत होते आणि महिन्याला नुसतं व्याज भरायचं, २८३ डॉलर. मार्च २०२२पासून फेडने, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेने, दर चढवायला घेतले आणि जुलै २०२३मध्ये प्राइम साडेआठला जाऊन टेकला. त्याच कर्जावर, एक डॉलरही जास्त न उचलता, आमचं व्याज झालं ६३३. आणि त्याच शरद ऋतूत नवऱ्याच्या कंपनीने त्याची अख्खी टीम कमी केली. न्यू जर्सीत बेकारी भत्ता मिळतो तो जास्तीत जास्त २६ आठवडे. माझा शाळेतला अर्धवेळ पगार प्रॉपर्टी टॅक्समध्येच जिरतो. इथला टॅक्स देशात सगळ्यात जास्त, हे काही तुम्हाला सांगायला नको.

सल्ले देणारे बरेच भेटले. एका हितचिंतकाने सांगितलं, दोन्ही कर्जं एकत्र करा आणि नव्याने एकच घ्या, एकच हप्ता, डोक्याला ताप नाही. एका कंपनीचा फोन आला. ‘मॉडिफिकेशन’, म्हणजे कर्जाच्या अटी बदलून देण्याचे ३,००० डॉलर आगाऊ, हप्ते भरणं थांबवा, आणि यापुढे बँकेशी तुम्ही बोलायचं नाही, आम्ही बोलू. तो माणूस इतकं गोड बोलत होता की नवरा चेकबुक शोधायला उठला होता.

तुमच्याकडे आलो तेव्हा सगळ्यात आधी तुम्ही त्या कंपनीचा निकाल लावलात. बँकेकडून लेखी प्रस्ताव येऊन तो आपण मान्य करेपर्यंत अशा कंपनीने एक पैसासुद्धा घेणं केंद्र सरकारच्या नियमाने बेकायदा आहे, आणि हेच काम हडची, म्हणजे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याची, मान्यता असलेल्या समुपदेशकाकडे फुकट होतं. त्यांची यादी हडच्या साइटवर कोणालाही बघता येते. इतकी साधी माहिती, आणि आमच्या ओळखीतल्या एकालाही नव्हती.

मग तुम्ही दोन्ही कर्जांची स्टेटमेंटं शेजारी-शेजारी ठेवलीत आणि म्हणालात, ‘पहिल्याला हात लावायचा नाही. अर्ज फक्त दुसऱ्यासाठी.’

मला हे तेव्हा उलटं वाटलं होतं. मोठा हप्ता तर पहिल्या कर्जाचाच होता! तुम्ही कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवलात. त्या ऑक्टोबरात तीस वर्षांच्या कर्जाचा दर पावणेआठच्या पुढे गेला होता. दोन्ही कर्जं एकत्र केली असती, तर ८०,००० च्या दुखण्यासाठी २.८७५ टक्क्यांचं सगळं मूळ कर्ज आम्ही स्वतःच्या हाताने पावणेआठच्या घशात घातलं असतं. पैसे कमी पडले तर आधी पहिला हप्ता, मग टॅक्स आणि विमा, आणि हीलॉक त्यानंतर, हा क्रम तुम्ही कागदावर लिहून दिलात. तो अजून फ्रिजवर आहे.

त्याच बैठकीत तुम्ही एक गोष्ट सांगितलीत जी मी नंतर अनेकांना सांगितली. पहिल्या कर्जाला केंद्राच्या नियमांचं कवच असतं. कर्ज १२० दिवसांहून जास्त थकेपर्यंत फोरक्लोजरची, म्हणजे घर ताब्यात घेऊन विकण्याची, कारवाई सुरू करता येत नाही आणि मदतीचा पूर्ण अर्ज वेळेत गेला, तर ३० दिवसांत त्याचा विचार करून उत्तर द्यावं लागतं. हीलॉक ही क्रेडिट लाइन असल्यामुळे ती या नियमांच्या बाहेर पडते. तिथे बँकेची स्वतःची पद्धत, स्वतःची सवड. त्यामुळे अर्ज पाठवून गप्प बसलात तर तो तसाच पडून राहील, प्रत्येक फोनची नोंद ठेवायची, बोलणाऱ्याचं नाव आणि आयडी नंबर लिहून घ्यायचा. मी त्यासाठी मुलीची उरलेली गणिताची वही घेतली.

दुसरी बँक ऐकेल तरी का, हा माझा प्रश्न तुम्ही टाळला नाहीत. २००९-१०च्या सुमाराला घरांच्या किमती इतक्या पडल्या होत्या की लिलाव झाला तरी दुसऱ्या कर्जवाल्याच्या हाती काहीच लागलं नसतं, म्हणून तो तडजोडीला यायचा. आता किमती वाढल्यात, घरात आमची भरपूर इक्विटी (कर्ज वजा जाता उरणारी किंमत) आहे आणि बँकेला ते दिसतं. म्हणजे या खेपेला घाबरण्याचं कारण तिला नाही, आपल्याला आहे. मात्र न्यू जर्सीत फोरक्लोजर कोर्टामार्फतच होतं, त्यात वेळ आणि वकिलांचा खर्च दोन्ही जातं, आणि नियमित हप्ता भरू शकणारं गिऱ्हाईक बँकेलाही परवडतं. तेवढ्यावर आपली बाजू उभी करायची, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. दिलासा असा फारसा नव्हताच, पण त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

नवऱ्याला लगेच अर्ज टाकायचा होता. तुम्ही थांबवलंत. कमाईच नसेल तर नवा हप्ता झेपेल हे बँकेने कशावरून मानायचं? आत्ता फक्त काही महिन्यांची सवलत मागा, थकलेलं व्याज मागाहून मुद्दलात चढेल ते चढू दे, आणि नोकरी लागून दोन पे-स्टब, म्हणजे पगाराच्या पावत्या, हातात आले की मग मॉडिफिकेशनचा अर्ज. पुढच्या वसंतात त्याला कंत्राटी काम मिळालं, पगार आधीच्या पाऊणपट. तोवर कर्ज ८४,००० च्या आसपास गेलं होतं.

आणि मग कागद! पे-स्टब, टॅक्स रिटर्न, दोन महिन्यांची बँक स्टेटमेंटं. स्टेटमेंटचं शेवटचं पान कोरं असतं, त्यावर फक्त ‘हे पान मुद्दाम कोरं ठेवलं आहे’ एवढंच छापलेलं. मी ते पाठवलं नाही, कोण पाठवेल? बँकेने ‘सहापैकी पाच पानं’ म्हणून सगळी फाइल अपूर्ण ठरवली. ती पूर्ण करेपर्यंत पे-स्टब जुने झाले, ते पुन्हा मागवले. या चक्रात लोक कंटाळून सोडून देतात असं तुम्ही म्हणाला होतात, आणि खरं सांगते, मीही सोडणार होते.

पण तुमचं खरं कसब दिसलं ते भिशीच्या वेळी. आमच्या बाराजणींची भिशी, दर महिन्याला २०० डॉलर ‘झेल’ने (बँकेतून बँकेत पैसे पाठवायची सोय) जातात. नेमका त्याच काळात माझा नंबर लागला होता, त्यामुळे स्टेटमेंटवर २,२०० डॉलर जमा. बँकेने ते सरळ उत्पन्नात धरले आणि ‘तुमची मिळकत पुरेशी आहे’ म्हणत अर्ज परत केला. मी संतापले, तुम्ही हसलात. अकरा जणींचे पैसे आले, त्यांना ते मी महिन्या-महिन्याने परत देणार आहे, ही आमचीच बचत आहे, पगार नव्हे, असं चार ओळींचं खुलासापत्र तुम्ही माझ्याकडून लिहून घेतलंत, आणि सोबत मागच्या वर्षभरातले २००-२०० चे सगळे व्यवहार पिवळ्या मार्करने रंगवून जोडायला लावलेत. दर महिन्याला सांगलीला सासूबाईंच्या औषधांसाठी पैसे जातात, ते खर्चाच्या तक्त्यात दाखवावेत की नाही, यावर आम्ही नवरा-बायको घरी भांडलो होतो. त्याला वाटत होतं की ते दिसलं तर बँक म्हणेल आधी हे बंद करा. तुम्ही म्हणालात, स्टेटमेंटवर दिसतंच आहे, मग तक्त्यात नसेल तर ते लपवल्यासारखं होईल. जे आहे ते लिहा.

अडचणीचं पत्र मी तीन पानी लिहिलं होतं. त्यात आमचं इथे येणं होतं, मुलीचं कॉलेज होतं, सासऱ्यांचं जाणं होतं. तुम्ही शांतपणे सगळं वाचलंत, डोळे पुसलेत, आणि मग पेन घेऊन जवळजवळ सगळं खोडलंत. उरल्या त्या पाच-सहा ओळी. काय झालं, कधी झालं, आता कमाई किती, किती हप्ता झेपेल. ‘हे वाचणाऱ्याला दिवसात अशी कितीतरी पत्रं वाचायची असतात,’ एवढंच म्हणालात. ते तीन पानी पत्र मी जपून ठेवलंय, मुलगी कधीतरी वाचेल.

प्रस्ताव आला तेव्हा आम्ही पेढे घेऊन आलो, आणि तुम्ही पेढा बाजूला ठेवून आधी अटी वाचायला बसलात. क्रेडिट लाइन कायमची बंद, बदलता दर जाऊन पाच टक्के कायम, पंचवीस वर्षं, महिना साधारण ४९१ डॉलर, आणि त्यात मुद्दलही फिटणार. तीन महिने चाचणीचे हप्ते, एकही चुकला तर सगळं रद्द. मग तुम्ही खाली एक आकडा लिहिलात, पंचवीस वर्षांत एकूण भरणा जवळजवळ १,४७,०००. ‘ही सवलत आहे, माफी नाही. मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का, ते विचारा आणि पगार सुधारला की जास्तीचं मुद्दलात टाका.’ दंड नव्हता. नवरा परतताना गाडीत म्हणाला, या बाईंनी एकदाही आपल्याला ‘सगळं ठीक होईल’ म्हटलं नाही. तो हे कौतुकाने म्हणत होता.

तुम्ही सांगितलेला आणखी एक प्रकार इथे लिहून ठेवते, कारण तो आपल्या अनेकांना लागू पडेल. २००६च्या सुमाराला ऐंशी-वीसची जोड कर्जं, म्हणजे किमतीच्या ऐंशी टक्क्यांचं एक आणि वीस टक्क्यांचं दुसरं, घेऊन घरं घेतलेली पुष्कळ मंडळी आहेत. त्यातल्या वीस टक्केवाल्या कर्जाची पत्रं मध्येच यायची बंद झाली, आणि बँकेने सोडून दिलं असेल असं समजून लोक निश्चिंत झाले. बँकेने हिशेबातून कर्ज काढलं, म्हणजे ‘चार्ज-ऑफ’ केलं, तरी ते बुडत नाही. ते कोणा वसुलीवाल्याला स्वस्तात विकलं जातं, आणि घराला किंमत आली की पंधरा वर्षांनी दारात उभं राहतं. म्हाताऱ्या कर्जांची ही भुतं इतकी वाढली की २०२३च्या एप्रिलमध्ये ग्राहक संरक्षण खात्याला, म्हणजे सीएफपीबीला, वसुलीवाल्यांना ताकीद द्यावी लागली की मुदत उलटून गेलेल्या कर्जापोटी फोरक्लोजरची धमकी देणं कायद्याचा भंग ठरू शकतं. तेव्हा असं जुनं पत्र आलं तर फेकूही नका आणि घाबरून लगेच पैसेही पाठवू नका, आधी कोणा जाणत्याला दाखवा.

ताई, एक गोष्ट तुमच्या लक्षातही नसेल. पहिल्या भेटीत नवरा खुर्चीच्या कडेला बसला होता, मान खाली. तुम्ही त्याला नोकरी कशी गेली, पुढे काय, असलं काही विचारलं नाहीत. ‘तुमचा शेवटचा पे-स्टब द्या, त्यावर वर्षभराची एकूण कमाई असते, ती मला लागेल,’ म्हणालात, दुकानात सुट्टे मागावेत तशा आवाजात. तो पुढे सरकून बसला आणि स्वतःच फाइल उघडू लागला. मी त्याला कित्येक आठवड्यांत असं बघितलं नव्हतं.

चाचणीचे तिन्ही हप्ते गेले, कागद पक्के झाले. सासूबाई खालच्या खोलीत राहायला आल्यात आणि सकाळी सातलाच टीव्ही मोठ्याने लावतात, ती तक्रार वेगळी. तुमच्या खर्चाच्या तक्त्याची कोरी प्रत मी आमच्या भिशीतल्या दोघींना दिली आहे. त्यांतली एक येत्या आठवड्यात तुमच्याकडे येईल. शेवटचं कोरं पान पाठवायला आणि भिशीचं खुलासापत्र बरोबर आणायला मी तिला आधीच सांगून ठेवलंय.

आपली,
मिडलसेक्स काउंटीतली तुमची एक अशील