नुसती लावू की पावडरखाली?

डोंबिवली,
रविवार दुपार

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

क्रीम आयशॅडो नुसतीच लावायची की वरून पावडर घ्यायची, असं तू विचारलंस. सोबत दुपारचा फोटोही पाठवलास. दोन्ही डोळ्यांच्या घडीत रंगाची एकेक रेघ गोळा झालेली आणि बाकी पापणी मोकळी. फोनवर हे सांगून भागणार नाही, तू मधेच ‘हो हो, कळलं’ म्हणशील. म्हणून लिहितो. आज नाटकाचा प्रयोगही नाही, पुढचा थेट कोल्हापूरला.

उत्तर आधी देऊन टाकतो. विमानतळावरच्या रोजच्या शिफ्टला नुसती. मे महिन्यात तेजूच्या लग्नात पावडरखाली. डबी तीच चालेल, पण हात वेगळा लागतो, आणि कुठला हात चालवायचा ते झाकण उघडण्याआधी ठरलेलं हवं. बहुतेकींचं इथंच बिनसतं. नुसती लावायची म्हणून जाड थापतात, मग आरशात काहीतरी कमी वाटतं म्हणून वर पावडर घासतात. दोन्ही वाया.

आता ती डबी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाच. पहिल्या दोन-चार नावांत आयसोडोडेकेन किंवा सायक्लोपेंटासिलॉक्सेन असेल तर ती बसणारी क्रीम. ही द्रव्यं उडून जातात, मागे मेण, रंग आणि एक पातळ पापुद्रा उरतो. तो पापुद्रा मग सहजासहजी हलत नाही. पण उडायला फार वेळ लागत नाही, म्हणून हात चालवायला मिळतं जेमतेम मिनिटभर. सुरुवातीलाच एरंडेल, पेट्रोलॅटम (म्हणजे व्हॅसलीन) किंवा दुसरं एखादं तेल दिसलं तर ती क्रीम शेवटपर्यंत ओलसरच राहणार. फोटोत पापणी छान चमकते, पण नऊ तासांच्या शिफ्टला तिचा उपयोग नाही. तुझी कुठली ते मला कळव. पाठवलेल्या फोटोत झाकणच दिसतंय, आणि झाकणावर सगळ्याच कंपन्या चोवीस तास लिहितात.

रेघ का पडते ते सांगतो. माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो. वरच्या पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि दर वेळी ती त्याच जागी दुमडते. त्यात तुझी पापणी तेलकट, आजीवर गेलीयस. जास्तीचा रंग आणि तेल एकत्र झालं की ते सरकत सरकत घडीत जाऊन बसतं. म्हणून उपाय दोनच: तेल आधी काढायचं, आणि रंग जास्तीचा ठेवायचाच नाही. महागडी डबी घेऊन यातलं काहीही सुटत नाही. (आईने तुझ्या डबीची किंमत ऐकली आणि त्यात किती किलो कोकम आलं असतं याचा हिशेब मला दोनदा ऐकवला.)

पहाटे चारच्या शिफ्टला उठतेस तेव्हा असं कर. तोंड धुतल्यावर क्रीम, सनस्क्रीन जे काय लावतेस ते पापणीवर नेऊ नकोस. गेलंच असेल तर टिश्यू ठेवून टिपून घे. मग अनामिकेच्या टोकावर रंग घे, दोन्ही डोळ्यांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढा. तो आधी मनगटाच्या मागे टेकवून थोडा मऊ कर. नजर खाली ठेवून पापणीच्या मधोमध, केसांच्या अगदी मुळाशी बोट टेकव आणि तिथून टिपत टिपत बाजूला आणि वर जा. ओढायचं नाही, टिपायचं. वरची कड बोटाने कधीच नीट मिटत नाही, ती लहान ब्रशने पुसट कर. ब्रश कृत्रिम केसांचा घे, खऱ्या केसांचा ब्रश तेल पिऊन बसतो. एक डोळा पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नकोस, नाहीतर पहिल्याची कड सुकून तशीच राहील. आणि सगळ्यात महत्त्वाचं: झाल्यावर अर्धा मिनिट खालीच बघ. तू लगेच डोळे मोठे करून आरशात बघतेस, लहानपणापासून बघत आलोय. तेवढ्यात ओला रंग घडीत चिकटतो आणि रेघ सकाळीच पडते. दुपारी ती फक्त दिसायला लागते.

दुपारी रेघ दिसलीच तर वर आणखी रंग लावू नकोस. स्वच्छ बोटाने हलकेच टिपून ती पसरव, बस.

शिफ्टच्या बॅगेत डबीऐवजी कांडीवाली क्रीम ठेवलीस तर जास्त बरं. बोट घालावं लागत नाही, आणि वापरायच्या आधी टोक टिश्यूने पुसलं की झालं. पावडर शॅडोचं काय होतं ते तुला माहीत आहे, निम्मी गालावर आणि उरलेली तुमच्या त्या गडद निळ्या कोटावर. क्रीम गळत नाही.

हे मी पावडर वाईट म्हणून सांगत नाहीये. आमच्या नाटकाच्या रंगभूषेत तर क्रीमवर पावडर हा नियमच. रंगपटात माझ्या पेटीत क्रायोलानच्या रंगाच्या कांड्या असतात ना, बर्लिनची १९४५ची कंपनी, त्या कांड्यांचं मूळ आणखी मागे जातं. लुडविग लाइशनर नावाचा एक ऑपेरा गायक होता. त्याने १८७३मध्ये बर्लिनलाच तेल-मेणातल्या रंगाच्या कांड्या बनवायचा कारखाना काढला. त्याआधी नट कोरडे रंग फासायचे, ते घामाबरोबर ओघळायचे. तेलातला रंग टिकायला लागला. पुढे सिनेमा आला, कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला, आणि त्याच कांड्यांचा जाड थर नट हसला की भेगाळलेला दिसू लागला. तेव्हा मॅक्स फॅक्टरने १९१४मध्ये अमेरिकेत सिनेमासाठी पातळ, क्रीमसारखा रंग तयार केला. म्हणजे तुझं दुपारचं दुखणं शंभर वर्षांपूर्वीचं आहे, आणि त्यावरचा इलाजही तोच, थर पातळ करा.

आम्ही क्रीमवर पावडर पफने दाबून बसवतो, कारण वर दिवे तळपत असतात, नटाला रडायचं असतं, धावायचं असतं, आणि चेहरा शिवाजी मंदिरच्या बाल्कनीतून वाचता यायला हवा. तुझ्यासमोर मात्र प्रवासी पासपोर्ट घेऊन हातभर अंतरावर उभा असतो, वर पांढरेफक्क दिवे. त्या उजेडात पावडरचा दुसरा थर कोरडा आणि पिठूळ दिसतो. नुसत्या क्रीमची पापणी कातडीसारखी दिसते. व्हिडिओतल्या मुली एकावर एक पाच थर देतात ना, त्यांच्यापुढे गोल दिवा असतो आणि दहा मिनिटांनी त्या तोंड धुतात. त्यांच्याकडे बघून शिफ्टला जाऊ नये.

रंगाचं म्हणशील तर फिकट गुलाबी आणि पांढरट छटा तुला नकोत. त्यांत टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी भुकटी भरपूर असते, आपल्या गव्हाळ कातडीवर ती राखाडी मारते. तुझ्या पापणीचा मूळ रंग थोडा तपकिरी-निळसर आहे. त्यावर पीच, विटकरी, तांब्याची छटा असलेली क्रीम घे, खालचा काळेपणा आपोआप मरतो. लेबलावर सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ असे आकडे असतील ते लोहाचे ऑक्साइड: लाल, पिवळा आणि काळा. यातला लाल म्हणजे आपला गेरूच. तुळशीवृंदावनाला लावायचो तो. ७७०१९ म्हणजे अभ्रक, चमक त्याची. विमानतळाच्या उजेडात अभ्रक कमी असलेली छटा घे, नाहीतर पापणीवर बर्फ पडल्यासारखं दिसेल.

आता तेजूचं लग्न. मे महिना, चिपळूण, सकाळचा मुहूर्त, मांडवात पंखे आहेत म्हणतात पण मी त्या पंख्यांवर विश्वास ठेवत नाही. शिवाय पाठवणीला तू रडणार, नाही म्हणू नकोस. इथं क्रीम खाली आणि पावडर वर. उलटं कधीही नाही. पावडरीवर क्रीम लावलीस की ती पावडर उचलते आणि ठिगळं दिसतात.

बेसची क्रीम कातडीच्या रंगाची, बिनचमकीची घे. नुसती लावतेस त्याच्या निम्मी, भुवईपर्यंत न नेता घडीच्या थोडी वर. पुढची पायरी व्हिडिओत धड कुणी सांगत नाही. चिकट क्रीमवर पावडर फिरवत बसलीस तर ती पसरत नाही. ओल्या फरशीवर रांगोळी टाकावी तसं होतं, जिथं पडली तिथं धरली. म्हणून जिथं रंग पुसट करायचा आहे, म्हणजे घडी आणि तिच्या वरचा भाग, तिथं आधी कातडीच्या रंगाची साधी पावडर हलकी दाबून घे. त्या कोरड्या जागी मग तपकिरी छटा हवी तशी फिरते. पापणीचा मधला भाग मात्र चिकटच राहू दे. चमकीचा सोनेरी किंवा तांबूस रंग चपट्या ब्रशने किंवा बोटाने तिथं दाबून बसव. अभ्रकाचे कण चिकट जागेवर धरतात, गालावर गळत नाहीत. ब्रश घासलास तर खालची क्रीमच उचलली जाईल.

बेसच्या रंगाने वरची पावडर बदलते, हेही लक्षात ठेव. तीच सोनेरी पावडर फिकट बेसवर पिवळी दिसते आणि गडद तपकिरी बेसवर जुन्या दागिन्यातली वाटते. तुझ्या हिरव्या पैठणीला मला दुसरी आवडेल. पण चेहरा तुझा, ठरव तू. आई म्हणते फिकटच बरी. आधी एका रविवारी घरी लावून बघ, खिडकीच्या उजेडात फोटो काढ आणि मला पाठव. पिवळ्या बल्बखाली काढलेला नको.

कोकणातले दशावतारी आपला चेहरा आपणच रंगवतात, लहान आरसा समोर धरून, आणि तो रात्रभर टिकवतात. मालवणला त्यांच्याजवळ बसून बघितलं आहे मी. हात अजिबात घाई करत नाही, पण परत त्याच जागी फिरतही नाही. मोठ्या शहरातल्या क्लासमध्ये हजारो रुपये घेऊन एवढं शिकवत असतील तर कमाल आहे.

उतरवताना घासू नकोस. बसणारी क्रीम पाण्याने निघत नाही, तेलच लागतं. रंगपटात आमचं खोबरेल चालतं, तुला दोन थरांचं मेकअप रिमूव्हर आवडत असेल तर ते घे. कापूस भिजवून मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट नुसता ठेव, मग खाली पुसून घे. नंतर तोंड धू. तेल पापणीवर तसंच राहिलं तर दुसऱ्या दिवशीची क्रीम बसणार नाही आणि तू पुन्हा मलाच फोटो पाठवशील.

डबीत बोट घालायचं तर हात धुतलेला हवा, त्यापेक्षा छोट्या चमच्याने काढून घेतलेलं बरं. मैत्रिणींना द्यायची नाही. तुमच्या खोलीत चौघी आहात, एकीचे डोळे आले की चौघींचे येणार. रांजणवाडी झाली असेल तर ती बरी होईपर्यंत डोळ्याला काहीच लावू नकोस, आणि ती व्हायच्या आधी वापरत होतीस ती क्रीम टाकून दे. पैसे गेले म्हणून हळहळू नकोस. मागे उघड्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यात सहा किंवा बारा आकडा आणि पुढे एम हे अक्षर. उघडल्यापासून तेवढे महिने. उघडल्याची तारीख पेनाने तळाशी लिहून ठेव. झाकण घट्ट लाव, ते उडून जाणारं द्रव्य डबीतूनही उडतं. डबी कोरडी पडली की लोक पाणी घालतात, डोळ्याचे थेंब घालतात. त्याने ती जिवंत होत नाही, फक्त जंतूंची सोय होते.

स्टेशनबाहेर मिळणारे रंगीत किट घेऊ नकोस. बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा परवाना नंबर नाही, तर ते डोळ्याजवळ न्यायचं नाही. शिसं किंवा आर्सेनिकचे रंग प्रसाधनात वापरायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, पण कायदा त्या टोपलीपर्यंत पोचलेला नसतो.

कोल्हापूरहून बुधवारी परततो. त्याआधी डबीच्या मागचा फोटो पाठव, म्हणजे बदलायची की ठेवायची ते सांगतो.

तुझा,
बाबा

ता. क. लेन्सचं राहिलं. सकाळी आधी लेन्स, मग रंग. रात्री आधी लेन्स काढायच्या, मग तेलाचा कापूस. तेल लागलेली लेन्स धुकट होते आणि धुऊनही नीट साफ होत नाही. आणि तो तांबडा ब्रश तू इथून उचलून नेलायस, तो माझा आहे. मेमध्ये येताना घेऊन ये.