एमडी 04 वाचायला शिकवणाऱ्या मॅडमना

प्रिय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या कारखान्यात आलात ते सॅपमधला, म्हणजे कारखान्याचे व्यवहार आणि नियोजन चालवणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरमधला, एक रिपोर्ट दुरुस्त करायला. पीपीसीच्या, म्हणजे उत्पादनाचं नियोजन करणाऱ्या विभागाच्या, टेबलाशी थांबायची तुम्हाला काहीच गरज नव्हती. तरी थांबलात, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात आणि पार्टचा साठा, मागणी आणि ऑर्डरी एकत्र दाखवणाऱ्या सॅपच्या स्क्रीनचं नाव घेऊन म्हणालात, "एमडी 04 उघड बरं." त्याचे आभार मानायचे राहून गेले होते. ते सगळ्यांसमोर मानते आहे, कारण चाकण असो की वाळूज, प्लॅनिंगच्या टेबलावर बसणारे कितीतरी जण आजही आमच्याच तेव्हाच्या गोंधळात असतील.

आमच्याकडे रीतच पडली होती, सिस्टिमने सुचवलेली प्लॅन्ड ऑर्डर दिसली की फर्म, म्हणजे पक्की, करायची. रात्रीच्या एमआरपी रनमध्ये, म्हणजे कुठला माल किती आणि कधी लागेल हे सिस्टिम नव्याने मांडते त्यात, आपला प्लॅन उडेल ही धास्ती. प्लॅन उडत नव्हता, पण खराही राहत नव्हता. ग्राहकाचं शेड्यूल बदललं तरी फर्म केल्याचा स्टार लागलेल्या ऑर्डरी जुन्याच तारखांना उभ्या. शेजारी एक्सेप्शन मेसेजची, म्हणजे सिस्टिमच्या सूचनांची, रांग: 10 म्हणजे अलीकडे घ्या, 15 म्हणजे पुढे ढकला, 20 म्हणजे रद्द करा. फर्म ऑर्डरला एमआरपी हात लावू शकत नाही, म्हणून बिचारं सांगत राहतं. मेसेज इतके साचले होते की ते वाचायची सवयच सुटली होती.

तुम्ही एकच पार्ट घेतलात, ब्रॅकेटची असेंब्ली. तिच्या प्लॅन्ड ऑर्डरवर स्टार आणि मेसेज 20. ती ऑर्डर धरून तुम्ही बीओएममधून, म्हणजे कुठला पार्ट कशाचा बनतो त्या यादीतून, खाली उतरत गेलात. असेंब्लीखाली वेल्ड केलेली ब्रॅकेट, तिच्याखाली एचआर (हॉट रोल्ड पोलादाची) शीट. शीटच्या एमडी 04 मध्ये त्याच ऑर्डरमुळे आलेली गरज, म्हणजे डिपेंडंट रिक्वायरमेंट, उभी, आणि ती भागवायला एमआरपीने परचेस रिक्विझिशनही (खरेदीची मागणी) काढलेली. ग्राहकाने शेड्यूलमधून काढून टाकलेल्या मालासाठी पोलादाची मागणी परचेसच्या टेबलावर जाऊन पोचली होती. वरचा एक स्टार किती खालपर्यंत पोचतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हा तुम्ही जोसेफ ऑर्लिकींचं नाव काढलंत. ग्राहकाची मागणी स्वतंत्र असते, तिचा अंदाज बांधावा लागतो. सुट्या भागांची मागणी तिच्यावर अवलंबून असते, ती हिशेबाने काढायची. 1960 च्या दशकात त्यांनी एमआरपी उभं केलं ते हा फरक धरून. म्हणजे वरचा आकडा शिळा असेल, तर खालचा हिशेब कितीही बिनचूक असला तरी उपयोग नाही. सॅपच्या ट्रेनिंगमध्ये बटणं सगळी दाखवतात, ही गोष्ट कुणी सांगत नाही. माझ्या मते ती पहिल्या दिवशी सांगायला हवी.

आणखी एक गाठ तुम्ही सोडवलीत. "आम्ही एवढ्या ऑर्डरी फर्म केल्याच नाहीत," असं आमच्यातले काही शपथेवर सांगत होते. तुम्ही एमडी 12 मध्ये, म्हणजे प्लॅन्ड ऑर्डर बदलायच्या स्क्रीनवर, एका ऑर्डरची क्वांटिटी बदलून दाखवलीत, आणि फर्मिंगची टिक (एमडी 04 मध्ये हीच स्टार म्हणून दिसते) आपोआप लागली. हाताने तारीख किंवा क्वांटिटी बदलली की सिस्टिम ती ऑर्डर प्लॅनरच्या हवाली करते. "टिक नसलेली ऑर्डर एमआरपीची, टिक असलेली तुझी. तुझी असेल तर तिची चौकशीही तूच करायची," हे तुमचं वाक्य मी नव्या मुलांना जसंच्या तसं सांगते.

मग फर्म करायचं तरी कधी? हीट ट्रीटमेंटच्या व्हेंडरकडे भट्टीचा स्लॉट ठरला असेल तेव्हा. प्रेसवर डाय चढायचा दिवस पक्का असेल तेव्हा. बाकीच्यांसाठी प्लॅनिंग टाइम फेन्स, म्हणजे आजपासूनच्या ठरावीक दिवसांचं कुंपण, लावायचा. सेटिंगमध्ये फर्मिंग टाइप 1 दिला की फेन्सच्या आतल्या ऑर्डरी आपोआप पक्क्या होतात आणि नवी गरज फेन्सच्या शेवटी जाते, म्हणजे जवळचे दिवस हलत नाहीत आणि पुढचे मोकळे राहतात. फेन्स किती दिवसांचा, हे आयटीने नव्हे, शॉप फ्लोअरने सांगायचं, हेही तुम्हीच बजावलंत.

आता सोमवारी सकाळी आम्ही सगळ्यांत आधी 20 नंबरचे मेसेज काढतो. ऑर्डर नको असेल तर डिलीट, शंका असेल तर टिक काढून निर्णय रनवर सोडायचा. सीओ 41 या स्क्रीनमधून प्लॅन्ड ऑर्डरींच्या प्रॉडक्शन ऑर्डरी काढतो त्या यानंतरच. परचेसवाले पूर्वी आमच्या रिक्विझिशन फोन करून पडताळायचे, तो फोन आता क्वचित येतो. त्यांचा हा विश्वास तुमच्यामुळे मिळाला, मॅडम. ना तुम्ही त्याचं बिल लावलंत, ना कुणाला सांगितलंत.

एक प्रश्न मात्र शिल्लक आहे. जॉबवर्कला जाणाऱ्या पार्टचा फेन्स आमच्या दिवसांवर धरायचा की व्हेंडरच्या? आमच्यात यावर दोन तट आहेत. सवड झाली की फोन करा, एमडी 04 उघडूनच बसते.

तुमची,
पीपीसीतली एक प्लॅनर